आधी जहाज, मग आयर्लंड

मेलबर्नच्या एका ताईंनी विचारलंय: "माझे सासरे ऑस्ट्रेलियन. त्यांचे खापरपणजोबा आयर्लंडच्या टिपेरारीतून कैदी म्हणून इकडे आले. पाव चोरला म्हणून सात वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे गोलबर्नजवळ वारले, एवढं घरात सांगतात. इंटरनेटवर त्यांच्या तीन वंशावळी सापडल्या, तिन्हींत जहाजाची साल वेगळी आणि आईवडीलही वेगळे. लेकीचा शाळेचा प्रकल्प कधीच संपला, पण आता मलाच चैन पडत नाही. डब्लिनच्या कुठल्या कार्यालयाला लिहू?"

ताई, डब्लिनला एवढ्यात लिहू नका. नाव तुम्ही दिलं आहे, पण सासरचं खरं नाव चारचौघांत नको, म्हणून मी त्यांना पॅट्रिक रायन म्हणते. टिपेरारीत रायन म्हणजे आपल्या कोल्हापूर-साताऱ्याकडे पाटील. डब्लिनला "टिपेरारीचा पॅट्रिक रायन" म्हणून पत्र टाकलंत, तर एक नव्हे, मूठभर पॅट्रिक रायन परत येतील आणि त्यातला जरा बरा दिसणारा तुम्ही आपला मानून घ्याल. त्या तीन वंशावळी अशाच तयार झाल्या असणार.

सिडनीत आमच्या भागातल्या वाचनालयात कुटुंब-इतिहासाच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसते. तिथे येणाऱ्यांना वाटतं, कैद्याची माहिती मिळणं अवघड. खरं तर उलट आहे. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० लोकांना काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियात धाडलं. त्यातले अदमासे ४०,००० आयर्लंडहून आले. सरकारने या माणसांची उंची, डोळ्यांचा रंग, पडलेले दात, हातावरचं गोंदण, सगळं लिहून ठेवलं. टिपेरारीतच राहिलेल्या त्यांच्या प्रामाणिक भावाचं मात्र कुठेतरी एखाद्या ओळीत नाव असलं तर असलं. म्हणजे तुमची अडचण कागद नाहीत ही नाही. कागद भरपूर आहेत आणि त्यातला कोणता पॅट्रिक तुमचा, हे ठरत नाही, ही खरी अडचण.

ते ठरतं जहाजावरून. इथल्या सरकारी दफ्तरात कैद्याची ओळख नाव, जहाज आणि आल्याचं साल अशी तिन्ही मिळून चालते. सुटका झाल्यावर वीस वर्षांनी दारू पिऊन कोठडीत गेला तरी कारकून विचारणार, "कुठल्या जहाजाने आलास?" जहाज हेच त्याचं आडनाव समजा. तुमच्या वंशावळींत "हूगली" लिहिलंय, एकीत १८२५, दुसरीत १८३४, तिसरीत साल नाहीच. हे जहाज आपल्या हुगळीच्याच नावाचं. त्याने कैदी घेऊन चार फेऱ्या केल्या: १८२५, १८२८, १८३१ आणि १८३४. त्यामुळे सालाशिवाय नुसतं "हूगली" म्हणजे "एसटीने आला" म्हणण्यासारखं आहे. कुठली एसटी?

म्हणून शेवटापासून मागे चला. सगळ्यात आधी गोलबर्नचा मृत्यूचा दाखला मागवा. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे गोलबर्न ज्या राज्यात येतं तिथे, जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८५६ मध्ये सुरू झाली. तुमचे पूर्वज त्यानंतर वारले असतील, तर तुम्ही नशीबवान. १८५६ च्या आधी वारले असतील, तर चर्चच्या दफनाच्या नोंदीवर भागवावं लागेल आणि तिच्यात फार काही नसतं. अनुक्रमणिका नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते, दाखल्याला पैसे पडतात. हातात फक्त मजकूर हवा असेल, तर नक्कल उतरवून देणारे अधिकृत एजंट आहेत, ते स्वस्तात देतात. मी नेहमी तेच करते.

या दाखल्यात आईवडिलांची नावं, बापाचा धंदा, जन्मस्थान, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी, मुलं कोण, असे रकाने असतात. माझी नजर आधी एका रकान्यावर जाते: वसाहतीत किती वर्षं. समजा १८७४ चा दाखला आहे आणि तिथे "४० वर्षं" लिहिलंय. वजा करा, १८३४ आलं. हा पुरावा नव्हे, इशारा. कारण ही माहिती मेलेला माणूस देत नाही. दाखल्यात माहिती देणाराचं नावही असतं. थोरला मुलगा असेल तर बऱ्यापैकी भरवसा ठेवा. शेजारी किंवा दफन करणारा असेल, तर आईचं नाव "माहीत नाही" असायचं किंवा चक्क चुकीचं. शिवाय त्या काळी बाप कैदी होता हे लपवायची रीतच होती. "स्वखुशीने आले" असं बिनदिक्कत सांगितलेलं मी कितीतरी दाखल्यांत पाहिलंय.

साल हातात आलं की ते दोन ठिकाणी ताडून पाहा. १८२८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू साउथ वेल्सची शिरगणती झाली. तिच्यात प्रत्येकाचं वय, जहाज, साल, धर्म, काम, कुणाकडे राहतो, कैदी की सुटलेला, सगळं आहे. पॅट्रिक १८२५ च्या फेरीने आले असतील, तर ते तिच्यात दिसायला हवेत. दुसरी यादी १८३७ ची, शिक्षा भोगत असलेल्या कैद्यांची हजेरी. १८३४ ला आलेला सात वर्षांच्या शिक्षेचा कैदी १८३७ मध्ये शिक्षेवरच असणार, म्हणून तो या यादीत असायला हवा आणि कुठल्या भागात होता तेही कळावं. गोलबर्न तेव्हाच्या अर्गाइल भागात मोडायचं. दोन पॅट्रिक रायनांपैकी एक अर्गाइलमध्ये आणि दुसरा न्यूकॅसलकडे असेल, तर अर्धं काम इथेच झालं.

यानंतर इंडेंट. जहाज बंदरात लागलं की उतरवून घेतलेल्या कैद्यांची ही यादी. जुन्या काळातल्या यादीत नाव, खटला कुठे झाला आणि शिक्षा किती, एवढंच मिळतं. आयर्लंडहून आलेल्या अगदी सुरुवातीच्या जहाजांचे कागद तर नीट आलेच नाहीत, त्यामुळे आपली शिक्षा कधी संपते हे कैद्यालाच सिद्ध करता येईना, असले घोळ झाले. पण १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इंडेंट भरघोस होतात. १८३४ च्या यादीत साधारण कसं वाचायला मिळतं ते सांगते: वय २६, वाचता येतं पण लिहिता येत नाही, कॅथलिक, विवाहित, मुलगा एक, मुलगी एक, टिपेरारी, नांगरणी आणि मेंढ्या कातरणं, मेंढी चोरली, सात वर्षं, आधीची शिक्षा नाही, पाच फूट सहा इंच, चेहरा लालसर आणि तिळांचा, केस तपकिरी, डोळे करडे, डाव्या भुवईवर व्रण, उजव्या दंडावर अक्षरं गोंदलेली. ही अक्षरं उतरवून ठेवा. बरेचदा ती बायकोच्या किंवा आईवडिलांच्या नावाची असतात. शेवटच्या शेऱ्यात कधी "भाऊ तीन वर्षांपूर्वी इथे आला" असंही सापडतं. मग एका कैद्याच्या जागी दोन हाती लागतात.

व्रण आणि बोटं यांना मी एवढं महत्त्व का देते, ते स्वतःचीच फजिती सांगून पटवते. एका आजोबांसाठी काम करत होते. एकाच जहाजावर एकाच नावाचे दोघे, वयात दोन वर्षांचं अंतर, काउंटी, म्हणजे जिल्हा, तोही एकच. मी त्यातला एक धरला, कारण त्याची शिक्षा घरातल्या गोष्टीशी जुळत होती. आठ महिने त्याच्या आयर्लंडच्या मुळाशी झटले. आजोबांनी त्याच्या गावाचा नकाशा मोठा करून भिंतीवर लावला. मग एके दिवशी कैद्यांच्या मृत्यूची नोंदवही उघडली, तर तो गृहस्थ बोहल्यावर चढायच्या आतच इस्पितळात मेलेला! खरा पूर्वज दुसरा होता. त्याची खात्री कशाने पटली? सुटकेच्या दाखल्यावर "डाव्या हाताची करंगळी वाकडी" असं होतं आणि बारा वर्षांनी एका तुरुंगाच्या प्रवेशवहीत त्याच जहाजाचं नाव आणि तीच वाकडी करंगळी. आजोबांना नकाशा उतरवा म्हणून फोन करताना माझी काय अवस्था झाली असेल, विचारू नका. तेव्हापासून मी आधी मृत्यूची नोंदवही पाहते. ती १८२६ पासूनची आहे.

इंडेंटपासून दाखल्यापर्यंतची मधली साखळी न्यू साउथ वेल्सच्या राज्य दफ्तरखान्यात आहे. त्याचं नाव आता म्युझियम्स ऑफ हिस्टरी, वाचनकक्ष सिडनीच्या पश्चिमेला किंग्जवुडला. अनुक्रमणिका घरबसल्या फुकट दिसतात. सात वर्षांची शिक्षा झालेल्या कैद्याला साधारण चार वर्षं नीट वागल्यावर तिकीट ऑफ लीव्ह मिळायचं. चौदावाल्याला सहा वर्षांनी, जन्मठेपवाल्याला आठ. त्यावर ठराविक भागातच राहून स्वतःसाठी काम करायची मुभा असे आणि तो भाग तिकिटावर लिहिलेला असतो. तिथे "गोलबर्न" दिसलं की समजा गाडी रुळावर आहे. मुदत संपली की सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम. हा माझा सगळ्यात लाडका कागद, कारण यात जहाज, साल, मूळ ठिकाण, खटल्याची तारीख आणि अंगावरच्या खुणा एकाच जागी असतात. जन्मठेपवाल्याला हे सर्टिफिकेट मिळत नसे, त्याला माफीवरच सुटावं लागे. तेव्हा तुमच्या पूर्वजाचं सर्टिफिकेट सापडलं नाही, तर शिक्षा खरंच सात वर्षांची होती का, हे पुन्हा तपासा. लग्नासाठी कैद्याला सरकारची परवानगी लागायची. ते अर्ज १८२६ ते १८५१ चे आहेत आणि त्यात वधूवर दोघांची जहाजं असतात. इंडेंटमध्ये "विवाहित" आणि इथे अर्जात "अविवाहित" दिसलं तर दचकू नका. समुद्रापलीकडे राहिलेली बायको कागदावर पुष्कळदा "वारली". एक मात्र बघा: काही कैद्यांनी बायकामुलांना सरकारी खर्चाने बोलावून घेण्यासाठी अर्ज केले. असा अर्ज सापडला, तर त्यात आयर्लंडमधला बायकोचा पत्ता असतो आणि तुम्हाला नेमका तोच हवाय.

आता अवलंबून काय काय आहे ते. मी वर सांगितलं ते पूर्वज न्यू साउथ वेल्सला उतरले असं धरून. तिथे नियमित कैदी येणं १८४० ला थांबलं. त्यानंतरचे व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, १८५३ पर्यंत गेले. तिथले असतील तर काम सोपं, कारण टास्मानियाच्या दफ्तरखान्याने वर्तनाच्या नोंदवह्यांची छायाचित्रं फुकट खुली केली आहेत. पुरुषांसाठी कॉन ३१ आणि नंतरच्या काळासाठी कॉन ३३, बायकांसाठी कॉन ४० आणि ४१ असे वह्यांच्या मालिकांचे क्रमांक. एका पानावर माणसाचा सगळा जन्म: कुणाच्या घरी कामाला होता, मालकाला उलट बोलला म्हणून किती दिवस कोठडी, कधी पळाला, कधी धरला. अक्षर मात्र मुंगीच्या पायांचं, त्यावर लघुरूपं. सरावाला आठवडा द्या. टास्मानियात सुटलेले पुष्कळजण सोन्याच्या मागे व्हिक्टोरियात आले आणि तिथे आपण कैदी होतो हे गिळून बसले. तुम्ही मेलबर्नला आहात, म्हणून हे सांगितलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाला १८५० ते १८६८ मध्ये फक्त पुरुष कैदी गेले आणि तुमच्या गोष्टीत ते बसत नाही.

दुसरी गोष्ट, आयरिश कैदी म्हणजे आयर्लंडमध्येच खटला झालेला, असं नाही. पोटापाण्यासाठी लिव्हरपूलला, लंडनला गेलेले आयरिश तिथे पकडले गेले, तर त्यांची नोंद इंग्लंडच्या वह्यांत, डब्लिनला काहीच नाही. आणि एक वळण तर आपल्या दारातून जातं. मुंबई, मद्रास, बंगाल इलाख्यांतल्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई भरपूर होते. वरिष्ठावर हात उगारला, पळून गेला, की लष्करी कोर्ट त्यालाही ऑस्ट्रेलियाला धाडायचं. इंडेंटमध्ये खटल्याच्या रकान्यात हिंदुस्थानातलं ठिकाण दिसलं, तर डब्लिन विसरा आणि लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात त्या पलटणीच्या हजेरी-पगाराच्या वह्या शोधा. म्हणून खटल्याचं ठिकाण आणि जन्मस्थान हे दोन रकाने कधी एक समजू नका.

आता डब्लिन. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात फोर कोर्ट्सच्या इमारतीतला दफ्तरखाना जळाला. १८३६ च्या आधीची काळ्या पाण्याची नोंदवही त्यातच गेली, १८२१ ते १८५१ च्या जनगणनाही जवळपास सगळ्या गेल्या. १८३६ पासूनच्या नोंदवह्या शाबूत राहिल्या. ऑस्ट्रेलियाला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९८८ मध्ये, आयर्लंडने त्यांच्या प्रती आणि नावांची यादी या देशाला भेट दिली आणि ती यादी डब्लिनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तुमचे पॅट्रिक १८३४ चे निघाले, तर यादीत त्यांचं नाव फक्त एका कारणाने असेल: त्यांनी किंवा घरच्यांनी दयेचा अर्ज केला होता. १७८८ ते १८३६ चे हे अर्ज शिल्लक आहेत. तेव्हा यादीत नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही, अर्ज नव्हता एवढंच. पण अर्ज असला तर! म्हातारी आई गावच्या मास्तराकडून किंवा पाद्र्याकडून लिहून घेते की घरात चार लेकरं आहेत, जमिनीचा खंड थकलाय, हा एकच कमावता. त्यात गावाचं नाव असतं, जमीनदाराचं असतं, कधी सही करणाऱ्या शेजाऱ्यांचीही असतात. अर्ज नसेल तर खटल्याच्या तारखेवरून "टिपेरारी फ्री प्रेस"सारख्या तिथल्या वर्तमानपत्रात बघा. टिपेरारीचं फिरतं सत्र न्यायालय क्लॉनमेलला वर्षातून दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्यात बसायचं.

गावाचं नाव मिळेपर्यंत आयर्लंडच्या चर्चच्या वह्या उघडू नका. नाशिकला नामावळी बघायला गेलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. उपाध्ये आधी विचारतात, मूळ गाव कुठलं? नुसत्या आडनावावर वही निघत नाही. इथेही तसंच. आयर्लंडमध्ये काउंटीच्या आत पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, पॅरिशच्या आत टाउनलँड, म्हणजे आपल्याकडची वाडी. पॅरिश कळली की कॅथलिक चर्चच्या वह्यांची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून फुकट ठेवली आहेत. पण खेड्यांतल्या पुष्कळ वह्या एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात, त्यामुळे १८०८ च्या सुमारास जन्मलेल्याचा बाप्तिस्मा न सापडणंच जास्त शक्य. तेव्हा मागे राहिलेले भाऊबंद शोधा. १८४७ ते १८६४ मध्ये झालेलं ग्रिफिथचं मूल्यांकन म्हणजे सातबाऱ्याचा लांबचा चुलतभाऊ: जमीन कुणाच्या ताब्यात, मालक कोण, घराची किंमत किती. त्या वाडीत तेव्हाही रायन असतील तर बरं लक्षण. टिपेरारीत ते बहुतेक असतीलच, म्हणून त्यावर फार उड्या मारू नका.

पावाचं काय? इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या निम्म्या घरांत पावच चोरलेला असतो आणि कागदात मात्र मेंढी, गाय, कपडे, जत्रेतली जीवघेणी मारामारी, नाहीतर जमीनदाराविरुद्ध रात्री शपथा घेत फिरणं निघतं. टिपेरारीत शेवटचं प्रकरण फार. लेकीला मेंढी आवडेल की बंडखोरी, ते तुम्ही बघा, पण कागद येईपर्यंत पाव बाजूला ठेवा.

डीएनए चाचणी करायची असेल, तर सासऱ्यांची करा, लेकीची नको. खापरपणजोबांचा वाटा सासऱ्यांत सरासरी सहा टक्के, तुमच्या यजमानांत तीन, लेकीत दीड. सासरे ऐंशीच्या घरात असतील, तर हे काम सगळ्यांत आधी. कागद दीडशे वर्षं थांबलेत, ते आणखी महिनाभर थांबतील.

तर या आठवड्यात एवढंच करा: सासऱ्यांच्या डीएनए चाचणीची नळी टपालात टाका आणि गोलबर्नच्या दाखल्याची नक्कल मागवा. कैद्यांच्या नोंदींची मोठी संकेतस्थळं पैसे मागतात, पण ती वाचनालयात बसून बऱ्याचदा फुकट पाहता येतात. आधी स्टेट लायब्ररी व्हिक्टोरियात चौकशी करा. क्वीन्सलंडच्या राज्य ग्रंथालयाने ब्रिटिश वह्यांवरून केलेली सुमारे १,२३,००० नावांची यादीही लोक आधी बघतात. तिच्यात आयर्लंडहून थेट निघालेले बरेचजण नाहीत, म्हणून तिथे नाव नसल्यास हिरमुसू नका. दाखला आला की मला दोन रकाने कळवा: वसाहतीत किती वर्षं आणि माहिती देणारा कोण. मुलगा असेल तर आपण थेट १८३४ चा इंडेंट उघडू, शेजारी असेल तर आधी मुलांच्या लग्नाचे दाखले काढावे लागतील.